किसाऐवजी पीठ: आडव्या पडलेल्या आंब्याचं एक प्रकरण

मशीन ओढत नाही, एवढीच तक्रार होती.

१४ जून २०२०, रविवार, सकाळी अकराचा सुमार. ३ जूनच्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं, आणि बाणकोटच्या खाडीअलीकडच्या आमच्या मंडणगड-दापोली पट्ट्यातल्या वाड्याही त्याच दिवशी झोपल्या. माड मधोमध मोडले, पोफळी काड्यापेटी सांडावी तशा पसरल्या, जुने आंबे-फणस मुळांसकट उपटून घरांवर, गडग्यांवर, पाणंदीवर आडवे झाले. हमरस्ते एनडीआरएफच्या तुकड्यांनी आणि गावकऱ्यांनी मोकळे केले. वाडीच्या आत मात्र ज्याचं त्यानं बघायचं होतं. वीज नाही, फोन लागत नाही, वर टाळेबंदी. त्या दिवसांत पेट्रोलवर चालणारा चेनसॉ ज्याच्या घरी, त्याच्या दारात माणसांची रांग. आमच्याकडे त्याला कटर म्हणतात, मीही पुढे तेच म्हणतो.

माझं दुकान छोट्या इंजिनांच्या दुरुस्तीचं. ग्रासकटर, फवारणीचे पंप, कटर. त्या सकाळी दारात सात कटर होते आणि शेडचे अर्धे पत्रे शेजारच्या परड्यात. आठवा कटर गोणपाटात गुंडाळून मोटरसायकलवरून आला. आणणारा चोवीस-पंचवीसचा. मुंबईला टेम्पो चालवायचा, टाळेबंदीत गावी आलेला, वादळानंतर तिसऱ्या दिवशी कुठूनसा हा कटर मिळवून स्वतःच्या नि भावकीच्या वाड्या साफ करत सुटलेला. मशीन ५८ सीसीचं, बार, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी, १८ इंची. विकणाऱ्याने दहा मिनिटं चालवून दाखवलं होतं, शिक्षण तेवढंच.

"दादा, गरम झालं की ताकदच जाते ह्याची. दाबलं तरी आत जात नाय."

दाबलं तरी. निदान या दोन शब्दांतच होतं. मला ते ऐकू आलं नाही, कारण मी इंजिनवाला आहे आणि ताकद म्हटलं की माझा हात कार्ब्युरेटरकडे जातो.

एअर फिल्टर बघितला, तो भरलेला होता, धुतला. प्लग काढून घासला. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत आणलेलं, त्यात टू-स्ट्रोकचं ऑईल अंदाजाने ओतलेलं. त्याच्याकडे जे ऑईल होतं ते ५०:१ चं, म्हणजे लिटरला २० मिलि. साधं असतं तर २५:१ धरून लिटरला ४० मिलि. घातलं असतं. इंजिनाला वंगण फक्त या मिश्रणातून मिळतं, वेगळं ऑईल नसतं. कमी पडलं तर पिस्टन चिकटतो, जास्त झालं तर धूर आणि कार्बन. बाटली फेकायला लावली, नवं मिश्रण मोजून करून दिलं. चेनच्या टाकीत गाडीचं जळकं ऑईल होतं. तेही बदलायला हवं हे सांगितलं, पण त्या दिवसांत दुसरं मिळणार कुठून. जळक्या ऑईलमध्ये धातूचा कीस असतो, ते बारला धरून राहत नाही आणि छोट्या पंपाची वाट लावतं. असो. कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवला, आयडलिंगला चेन जागच्या जागी उभी राहते हे बघितलं, रेस दिली. आवाज खणखणीत.

चेनच्या बाजूचं झाकण काढलं तेव्हा आत भुसा दाबून बसला होता. तांदळाच्या पिठाइतका बारीक. मी तो ब्रशने झटकून टाकला.

धारदार चेन पीठ पाडत नाही. ती लाकूड सोलते, आणि खाली पडतात ते किसलेल्या खोबऱ्यासारखे लांबट तुकडे. पीठ पडतंय याचा अर्थ दात कापायचे थांबलेत आणि घासतायत. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं असं नाही. सात कटर दारात होते एवढंच.

तो गेला. संध्याकाळी पाचला त्याचा चुलतभाऊ आला तो सांगायला, की कटर खांद्यावर बसला, अकरा टाके पडलेत.

दहा वाजता काय झालं होतं

पुढच्या दोन दिवसांत मी तिघांशी बोललो, झाडही बघून आलो. मग जे जुळलं ते असं.

झाड त्याच्या काकीच्या परड्यातलं. जुना रायवळ आंबा, बुंध्याशी जाडी साधारण २२ इंच. वाऱ्याने तो पूर्वेकडे उपटला. मुळांचा गड्डा मातीसकट पुरुषभर उभा राहिला, त्याच्यामागे खड्डा. खोड बारा-तेरा फूट जाऊन जांभ्याच्या गडग्यावर टेकलं आणि पलीकडे शेजाऱ्याच्या सुपारीच्या वाडीत सगळा डोलारा. पंचनामा होऊन फोटो निघाले होते, त्यामुळे तोडायला हरकत नव्हती. काकीला घाई एवढ्याचसाठी, की खोडाने गोठ्याची वाट अडवली होती.

वादळानंतर पहिले आठ-नऊ दिवस डोलाऱ्यातल्या जाड फांद्या पलीकडच्या जमिनीत रुतून उभ्या होत्या. खोडाला मग तीन आधार: इकडे मुळं, मध्ये गडगा, तिकडे फांद्या. शनिवारी शेजाऱ्याने आपली वाडी मोकळी करायला घेतली आणि कोयत्या-कुऱ्हाडीने खालच्या फांद्या तोडून नेल्या. त्याचं काही चुकलं नाही, त्याच्या सुपाऱ्या दबल्या होत्या. पण त्या फांद्या म्हणजे टेकू होते. ते गेल्यावर सगळा डोलारा गडग्यापलीकडे अधांतरी लोंबायला लागला. झाड जागेवरच होतं, बघणाऱ्याला कालच्यासारखंच. आतला ताण मात्र उलटा झाला होता.

दोन बाकांवर फळी ठेवून मध्ये माणूस बसला की फळीचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. अशा खोडाला आधी वरून थोडा काप द्यायचा, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, आणि मग खालून. वरूनच पूर्ण कापत गेलात तर काप मिटतो आणि बार अडकतो. पोराला विकणाऱ्याने एवढंच सांगितलं होतं: आडवं खोड असेल तर वरून थोडं, मग खालून. नियम खराच आहे, पण फळीचा.

इथे फळी नव्हती, ऊस होता. ऊस गुडघ्यावर ठेवून दोन्ही टोकं खाली दाबली की वरची बाजू फाटते, गुडघ्याकडची चेपते. इथे गडगा म्हणजे गुडघा. एक टोक मुळांनी धरलेलं, दुसरं डोलाऱ्याने खाली ओढलेलं. ताण वर, दाब खाली. अशा खोडाला आधी खालून उथळ काप, मग वरून.

त्याने गडग्यापासून हातभर अंतरावर वरून चार बोटं कापलं आणि खालून घातला. खालचा काप मिटला, बार जबड्यात धरावा तसा अडकला. इथेच इंजिन बंद करायचं, पहारीने किंवा पाचरीने खोड उचलायचं आणि मगच बार सोडवायचा. त्याने काकांना पहार लावायला सांगितली आणि स्वतः ट्रिगर दाबून धरून कटर खेचत राहिला. खोड केसभर उचललं, बार सुटला, आणि पूर्ण वेगात फिरणारी चेन खाली येऊन गडग्याच्या चिऱ्यावर घासली. ठिणग्या उडाल्या असं काकी म्हणाल्या. "एवढंसंच लागलं," तो म्हणाला.

एवढंसं म्हणजे किती याचा हिशेब करता येतो. त्याच्या चेनला ३६ दात, १८ डावे, १८ उजवे. इंजिनाच्या मिनिटाला दहा हजार फेऱ्यांवर ही चेन सेकंदाला सुमारे १९ मीटर धावते, म्हणजे ताशी ७० किलोमीटर. एका सेकंदात साडेपाचशेहून जास्त दात एका जागेवरून जातात. चिऱ्याला पाव सेकंद लागली तरी प्रत्येक दात तीन-चार वेळा दगडावर घासून गेला.

पीठ तेव्हापासून पडायला लागलं. त्याला वाटलं इंजिन दमलं.

तीन वाजता

माझ्याकडून परत गेल्यावर त्याने पुन्हा खोडालाच हात घातला. इंजिन आता खरोखर चांगलं ओढत होतं, म्हणजे बोथट चेन जास्त जोरात घासत होती. काप काळा पडत होता, धूर येत होता. तो अंगाचं वजन टाकून दाबत होता, कटर पुढेमागे झुलवत होता. धारदार चेनला दाबावं लागत नाही. बारच्या खालच्या बाजूने कापताना ती स्वतःच आत खेचते, माणसाने फक्त धरून ठेवायचं. दीड तास असं दाबल्यावर हातांची काय अवस्था होते ते ज्याने केलंय त्याला विचारा. पेन धरवत नाही.

मग त्याने खोडाचा नाद सोडला. मधल्या काही मनगटाएवढ्या फांद्या आडव्या येत होत्या, त्या आधी काढू म्हणून खोडावरच चढला. पायात स्लीपर, तीन-चतुर्थांश पँट, मास्क हनुवटीवर. डावी मूठ पुढच्या हँडलवर, पण अंगठा खालून वळवलेला नाही, बोटांच्या शेजारी वर ठेवलेला. दमलेला हात आपोआप असाच धरतो. फांदी छातीच्या उंचीवर. तिच्यामागे पानांआड दुसरी फांदी होती, ती त्याला दिसली नाही. बारच्या नाकाचा वरचा कोपरा तिला टेकला.

नाक म्हणजे घड्याळाची तबकडी धरली तर बारा ते तीन हा भाग. चेन इथे वरून पुढे आणि खाली वळत असते. या भागाला काही घट्ट लागलं की दात कापत नाही, अडतो. चेनचा सगळा वेग मग बारलाच उलटा मिळतो आणि कटर वर, मागे, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळतो. याला किकबॅक म्हणतात. डोळ्याची पापणी लवायच्या आत होतो. आपण सावरू असं ज्याला वाटतं त्याने तो बघितलेला नसतो.

डावा हात हँडलवरून सटकला. हात जागेवर असता तर मनगट हँडलपुढच्या गार्डवर आपटून चेनचा ब्रेक लागला असता. इथे झटक्यानेच गार्ड पुढे पडला आणि ब्रेक लागला. सुदैव. मी नंतर कटर बघितला तेव्हा ब्रेक लागलेलाच होता. बार डाव्या खांद्यावर येऊन बसला तेव्हा चेन थांबत आलेली होती. शर्ट, कातडी, थोडं मांस, चार बोटं लांब जखम. कटर छातीच्या उंचीऐवजी अर्धा फूट वर असता तर मान होती.

खांद्याच्या वर कटर न्यायचा नाही, झाडावर किंवा शिडीवर उभं राहून चालवायचा नाही, अंगठा हँडलखालून घट्ट, नाक कुठे आहे त्यावर नजर. यातला पहिला सोडून बाकी तीन नियम त्याने एका वेळी मोडले हे खरं. पण सकाळी दहाच्या आधी त्याने यातला एकही मोडला नव्हता, हेही तेवढंच खरं. त्याच्या काकांनीच मला ते सांगितलं: "सकाळी नीट धरून चालवत होता हो." बोथट चेनने त्याला दाबायला लावलं, दाबण्याने हात गेले, हात गेल्यावर पकड सैल झाली आणि कंटाळून त्याने जागा बदलली. मधे अकरा वाजता हे सगळं थांबवता येईल असा एक माणूस होता. तो ब्रश घेऊन पीठ झटकत होता.

बुधवारी

१७ तारखेला मी स्वतः गेलो. सोबत तात्या होते, काकींचे शेजारी, सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी दोघांनी ओढायच्या करवतीवर फळ्या पाडायचे. पेट्रोलच्या कटरला त्यांनी कधी हात लावला नाही आणि लावायची इच्छाही नाही. पण आडवं झाड त्यांच्याइतकं कोणी वाचत नाही.

आधी चेन. या चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. बार ओंडक्यात घट्ट बसवला, दातावर ३० अंशाचा कोन धरला, आतून बाहेर एकाच दिशेने ढकललं, परत येताना कानस उचलली. रोजच्या धारेला दाताला दोन-तीन हात पुरतात. दगड लागलेल्या दाताच्या कडेला मात्र एक बारीक पांढरी चकाकती रेघ दिसते. उन्हात धरून बघा. ती रेघ म्हणजे गोल झालेली कड, आणि ती पूर्ण जाईपर्यंत घासावं लागतं. सगळ्यात खराब दाताला मला चौदा हात लागले. मग बाकीच्या पस्तीस दातांनाही तेवढेच, कारण एका बाजूचे दात लांब राहिले तर काप वाकडा जातो. दातापुढचा छोटा उंचवटा किती खोल चावायचं ते ठरवतो. तो दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली लागतो. दात झिजले की तोही सपाट कानशीने उतरवायचा, पण जास्त उतरवला तर चेन अधाशी होते आणि उसळते. पाऊण तास गेला. तात्या विडी ओढत बघत होते. "करवतीला आम्ही रोज सकाळी लावायचो," एवढंच म्हणाले.

मग झाड. तात्यांनी खोडाच्या वरच्या सालीवरून तळहात फिरवला आणि मला बोलावलं. गडग्याजवळ वरच्या सालीला आडव्या बारीक चिरा पडल्या होत्या, जुन्या पायाच्या टाचेसारख्या. खालच्या बाजूला बोटं घालून बघायला सांगितलं. तिथे साल चुरगळून वळ्या पडलेल्या. "वर ताण, खाली दाब. लिहूनच ठेवलंय की त्यानं."

आम्ही कापायची जागा बदलली. गडग्याजवळ नाही, मुळांपासून सात फुटांवर. तिथे ताण कमी, आणि बुंध्याला लांब खोड राहतं. पलीकडे जाऊन शेजाऱ्याच्याच तोडलेल्या ओंडक्यांची थप्पी डोलाऱ्याच्या बेचक्याखाली रचली आणि वर सागाच्या पाचरी ठोकून भार घेतला. शनिवारी गेलेले टेकू परत आले, एवढाच त्याचा अर्थ.

मुळांचा गड्डा हा या प्रकरणातला सगळ्यात वाईट भाग, आणि पोराचं नशीब की तो तिथवर पोचला नाही. झाडाचं वजन गड्ड्याला वर धरून ठेवतं. खोड तुटलं की ते वजन जातं आणि गड्डा, काही क्विंटल माती घेऊन, परत खड्ड्यात बसतो. कधी लगेच, कधी तासाभराने. आम्ही गेलो तेव्हा घरातली दोन पोरं त्याच खड्ड्यात मडकी-मडकी खेळत होती. काकींनी त्यांना उचलून ओटीवर बसवलं आणि आजीला राखणीला ठेवलं.

मी जाळीचं हेल्मेट घातलं, कानांवर मफ, पायात गमबूट. कटरचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, दिवसभर ऐकला तर रात्री कानात रातकिडे वाजतात. मांड्यांवर चॅप्स, दुकानात दोन वर्षं पडून असलेले, कोणी घेत नाही. त्यांच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. चेन कापडाला लागली की धागे खेचले जाऊन दातेरी चाकात गुंततात आणि चेन जाम होते. कोकणातल्या जूनमध्ये ते घालणं म्हणजे घोंगडी पांघरून शेकोटीजवळ बसणं, मान्य. पण कटरच्या जखमा सगळ्यात जास्त पायांना होतात, डाव्या मांडीला नि गुडघ्याला. हेल्मेट आणि बूट झाल्यावर पैसे उरले तर मी ते चॅप्सवरच घालीन.

कटर जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, मागच्या हँडलमध्ये उजव्या पायाचा चवडा घालून सुरू केला. हातात लोंबकळत ठेवून दोरी ओढायची पद्धत रुबाबदार दिसते, बाकी तिच्यात काही नाही. आधी खालून. बारच्या वरच्या बाजूने कापताना कटर आपल्याकडे ढकलतो, म्हणून मागचं हँडल मांडीला टेकवून धरलं. तात्या समोर उकिडवे बसून, चांगले दोन वाव लांब, फटीकडे बघत होते. दोन-अडीच इंच गेल्यावर त्यांनी हात वर केला. फट केसभर बारीक होत होती. थांबलो, बाहेर काढला.

मग वरून. दाबलं नाही, टेकवलं. कटर आपल्या आपण उतरायला लागला आणि माझ्या बुटांवर ओला, लांबट, पिवळसर कीस पडायला लागला. खोड बारपेक्षा जाड, म्हणून पलीकडची बाजू आधी, मग अलीकडची. फट नखाएवढी उघडली, मग बोटाएवढी. मी खोडाच्या बाजूला उभा होतो, कापाच्या रेषेत नाही. शेवटचे दोन इंच राहिले तेव्हा आतून कडकड असा आवाज आला. मी बार काढला, ब्रेक लावला, चार पावलं मागे सरलो. झाडाने उरलेलं स्वतःच तोडलं. डोलाऱ्याची बाजू वीतभर खाली जाऊन थप्पीवर बसली. बुंध्याचं टोक मात्र सावकाश वर उचललं गेलं, कमरेएवढं, छातीएवढं, आणि मागे गड्डा धप्पकन खड्ड्यात बसला. ओटीवरून पोरं ओरडली, त्यांना गंमत वाटली. काकी काही बोलल्या नाहीत.

पोराचे टाके निघाल्यावर, जूनच्या शेवटी, तो दुकानात आला. कटर मीच ठेवून घेतला होता. बाकावर बसवून त्याला कानस धरायला शिकवली, उजव्या हाताने, डावा अजून नीट उचलत नव्हता. पहिले सहा दात त्याने खराब केले, सातवा जमला. टाकी भरायला थांबशील तेव्हा प्रत्येक वेळी दोन-दोन हात, आणि दगड लागला की काम तिथेच बंद, असं ठरलं. उठताना त्याने खिशात हात घातला आणि त्या रविवारचे किती झाले विचारलं.

कार्ब्युरेटरचे पैसे मी घेतले नाहीत. कानशीचे घेतले.